आठ सीडी आणि एक परिपत्रक : मलेशियातलं जिल आयर्लंड प्रकरण

११ मे २००८ रोजी जिल आयर्लंड बिन्ती लॉरेन्स बिल इंडोनेशियाहून मलेशियात परतल्या. क्वालालंपूरजवळ सेपांग इथे स्वस्त विमानसेवांसाठी वेगळं टर्मिनल होतं. तिथे कस्टम्सने त्यांचं सामान तपासलं आणि आठ सीडी काढून घेतल्या. सीडी ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या होत्या आणि त्यांनी त्या स्वतःसाठी आणल्या होत्या. त्यांत अश्लील काही नव्हतं, सरकारविरोधी काही नव्हतं, इस्लामवर टीकाही नव्हती. शीर्षकांत ‘अल्लाह’ हा शब्द होता. ‘करजाआन अल्लाह’ म्हणजे ‘देवाचं राज्य’, हा बायबलमधला अगदी नेहमीचा शब्दप्रयोग.

या आठ सीडींवरून सुरू झालेल्या खटल्यात मुख्य प्रश्नाचा निकाल १० मार्च २०२१ रोजी लागला, आणि सरकारने त्यावरचं अपील मागे घेतलं ते २०२३ मध्ये. मुस्लिमबहुल देशात पुस्तकं, धर्मग्रंथ किंवा ध्वनिफिती घेऊन जाण्याबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते बहुतेक आखाती देशांविषयी, आणि ऐकीव गोष्टींवर. मलेशियाचं हे प्रकरण मला त्याहून जास्त शिकण्यासारखं वाटतं, कारण इथे सगळं कागदावर आलं. अधिकारी कोणत्या अधिकाराने सामान ठेवून घेतात, त्या अधिकाराच्या मागे नेमका कोणता कागद असतो, आणि तो कागद न्यायालयात उघडून वाचला की काय होतं, हे इथे पायरी-पायरीने दिसतं.

जिल आयर्लंड सारावाकच्या. बोर्निओ बेटावरचं हे राज्य १९६३ मध्ये मलेशियाच्या संघराज्यात आलं. त्या मेलानाउ या तिथल्या मूळ समाजातल्या आहेत आणि ‘सिदांग इंजिल बोर्निओ’ या चर्चच्या सदस्य आहेत. या चर्चची मुळं १९२८ मध्ये बोर्निओत आलेल्या ऑस्ट्रेलियन मिशनऱ्यांच्या कामात आहेत. मलेशियाच्या एकूण लोकसंख्येत ख्रिस्ती साधारण नऊ टक्के. पण सारावाकमध्ये २०२० च्या जनगणनेत ते निम्म्याच्या आसपास भरले, आणि देशातल्या ख्रिस्ती लोकांपैकी बहुसंख्य सारावाक आणि साबा या दोन राज्यांतच राहतात. तिथे कितीतरी जमाती आहेत आणि प्रत्येकीची बोली वेगळी. सगळ्यांना जोडणारी भाषा मलय. शाळेची भाषाही मलय. ती सरकारनेच केली आणि राष्ट्रभाषा म्हणून लोकांनी शिकावी असा आग्रहही सरकारनेच धरला. त्या भाषेत शिकलेली माणसं प्रार्थनाही त्याच भाषेत करू लागली. मलय भाषेतलं ख्रिस्ती साहित्य विपुल प्रमाणात मिळतं ते शेजारच्या इंडोनेशियात, कारण दोन्हीकडची भाषा एकमेकांना सहज कळते. त्यामुळे सारावाकच्या ख्रिस्ती माणसाने इंडोनेशियाहून पुस्तकं-सीडी आणणं ही अगदी रोजच्यातली गोष्ट.

त्या साहित्यात देवासाठी ‘अल्लाह’ हाच शब्द आहे, आणि तो कालपरवा आलेला नाही. आल्बर्ट कॉर्नेलियस रुइल या डच व्यापाऱ्याने मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचं मलय भाषांतर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला केलं आणि ते १६२९ मध्ये हॉलंडमध्ये छापलं गेलं. तेव्हापासून मलय बायबलमध्ये हा शब्द चालत आला आहे. इंडोनेशिया तर लोकसंख्येने जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम देशांपैकी एक. तिथले ख्रिस्ती आजही तोच शब्द वापरतात आणि त्यांना कोणी अडवत नाही.

मग मलेशियातच हे का घडलं? सरकारची बाजूही नीट समजून घ्यायला हवी. मलेशियाच्या संविधानाच्या अनुच्छेद १६० मध्ये मलय माणसाची व्याख्याच अशी आहे की तो मुस्लिम असतो. अनुच्छेद ३ नुसार इस्लाम हा संघराज्याचा धर्म आहे. इतर धर्म शांततेने आणि सलोख्याने पाळता येतात. अनुच्छेद ११ धर्मस्वातंत्र्य देतो, पण त्याच्याच चौथ्या पोटकलमाने मुस्लिमांमध्ये दुसऱ्या धर्माचा प्रचार करण्यावर राज्यांना कायद्याने बंधनं घालता येतात. क्वालालंपूर ज्या द्वीपकल्पावर आहे तिथल्या अधिकाऱ्याच्या नजरेतून पाहिलं, तर मलय भाषेतली ख्रिस्ती सीडी म्हणजे मुस्लिम वाचकाकडे निघालेली सीडी. मलय बोलणारा माणूस ख्रिस्ती असू शकतो, त्याची आई-आजीही ख्रिस्ती असू शकते, हे बोर्निओत रोज दिसतं. क्वालालंपूरमध्ये ते दिसत नाही. या प्रकरणाचा सगळा गुंता त्या दोन प्रदेशांमधल्या अंतरात आहे असं मला वाटतं. अधिकाऱ्यांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही, पण ती चुकीच्या माणसावर जाऊन पडली.

आता कायद्याचा भाग. मलेशियात ‘छापखाने व प्रकाशने कायदा, १९८४’ आहे. ‘प्रकाशन’ या शब्दात तो पुस्तकांबरोबर ध्वनिमुद्रणंही घेतो, म्हणून सीडीवरची कारवाई पुस्तकावरच्या कारवाईसारखीच होते. कलम ७ नुसार गृहमंत्री एखादं प्रकाशन अनिष्ट ठरवून त्यावर बंदी घालू शकतात. ही बंदी राजपत्रात येते आणि पुस्तकाचं नाव त्यात असतं. कलम ९ चा मार्ग वेगळा आहे. आयात होऊन आलेलं प्रकाशन अडवून ठेवण्याचा आणि मालकाच्या ताब्यात न देण्याचा अधिकार त्यातून मिळतो. कस्टम्सचे लोक माल थांबवतात आणि पुढचा निर्णय गृहखात्याकडे जातो.

प्रवाशाच्या दृष्टीने या दोन कलमांतला फरक फार मोठा आहे. राजपत्रातली यादी प्रवासाला निघण्याआधी पाहता येते. खात्याच्या आतल्या सूचना मात्र काउंटरवर पोहोचल्यावरच कळतात. जिल आयर्लंड यांच्या सीडींवर राजपत्रात कसलीही बंदी नव्हती. जुलै २००८ मध्ये गृहखात्याचं पत्र आलं, त्यात सीडी ठेवून घेत असल्याचं कळवलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी क्वालालंपूरच्या उच्च न्यायालयात न्यायिक पुनर्विलोकनाचा, म्हणजे सरकारी निर्णय कायद्याला धरून आहे का ते तपासण्याचा, अर्ज केला.

अर्जात दोन मागण्या होत्या. पहिली, सीडी परत द्याव्यात. दुसरी, आपल्या धर्माच्या आचरणासाठी आणि शिक्षणासाठी असं साहित्य आयात करण्याचा आपल्याला संविधानाने हक्क आहे, आणि आपल्याशी भेदभाव होऊ नये, असं न्यायालयाने जाहीर करावं. अर्ज लिहिणाऱ्यांनी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, यातलं शहाणपण पुढे कळतं.

त्या वर्षांत अशी जप्ती काही एकटीदुकटी नव्हती. २००७ च्या ऑगस्टमध्ये सिदांग इंजिल बोर्निओच्या साबा शाखेची रविवारच्या शाळेची पुस्तकं याच टर्मिनलवर अडवली होती. चर्चने दावा ठोकला आणि जानेवारी २००८ मध्ये पुस्तकं परत मिळाली. २००९ मध्ये पोर्ट क्लांग बंदरात मलय बायबलच्या ५,००० प्रती अडकल्या. जानेवारी २०११ मध्ये सारावाकच्याच कुचिंग बंदरात ३०,००० प्रती अडवल्या गेल्या, म्हणजे ज्या राज्यात निम्मी माणसं ख्रिस्ती तिथेच. मार्च २०११ मध्ये त्या सोडायचं ठरलं तेव्हा अधिकाऱ्यांनी प्रतींवर शिक्के मारले. हे पुस्तक फक्त ख्रिस्ती लोकांसाठी आहे, गृहमंत्र्यांच्या आदेशावरून, असा मजकूर आणि सोबत क्रमांक. धर्मग्रंथावर सरकारी शिक्का आणि क्रमांक पाहून चर्चमधली माणसं दुखावली. दुखावणारच. आपल्या घरातल्या पोथीच्या पहिल्या पानावर कोणत्या तरी खात्याचा शिक्का उमटलेला कल्पून पाहावा. सारावाकची विधानसभा निवडणूक एप्रिलमध्ये तोंडावर होती. त्याच सुमारास केंद्र सरकारने दहा कलमी तोडगा जाहीर केला. त्यानुसार साबा-सारावाकमध्ये बायबल कोणत्याही अटीविना आणता येणार होतं; द्वीपकल्पात मुखपृष्ठावर क्रूस आणि ‘ख्रिस्ती प्रकाशन’ असे शब्द हवेत. म्हणजे पुस्तक तेच, देश तोच, पण विमान कुठे उतरतं त्यावर नियम बदलायचा. सारावाकचा प्रवासी बहुतेक वेळा क्वालालंपूरमार्गेच येतो-जातो, हे तोडगा काढणाऱ्यांना ठाऊक नसेल असं नाही.

याच काळात दुसरं मोठं प्रकरण चालू होतं ते ‘हेराल्ड’ या कॅथलिक साप्ताहिकाचं. मलय आवृत्तीत ‘अल्लाह’ छापायला गृहखात्याची मनाई होती. ३१ डिसेंबर २००९ रोजी उच्च न्यायालयाने साप्ताहिकाच्या बाजूने निकाल दिला. जानेवारी २०१० मध्ये चर्चवर हल्ले झाले आणि क्वालालंपूरमधलं एक चर्च आगीत जळालं. ऑक्टोबर २०१३ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. हा शब्द ख्रिस्ती श्रद्धेचा अविभाज्य भाग नाही, असं म्हटलं. २३ जून २०१४ रोजी सर्वोच्च पातळीवरच्या फेडरल कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी पुढचं अपील ऐकायला नकार दिला. शिखांनाही याची काळजी वाटली, कारण गुरू ग्रंथ साहिबमध्ये हा शब्द आहे. मराठी वाचकाला इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या संत नामदेवांची पदं त्या ग्रंथात आहेत आणि तिलंग रागातल्या त्यांच्या पदात देवाला करीम, रहीम आणि अल्लाह याच नावांनी हाक आहे. ही मनाई काटेकोर लावायची म्हटली, तर नामदेवांचं पदही तिच्यात अडकतं.

हेराल्डचा निकाल आल्यावर जिल आयर्लंड यांचा मार्ग बंद झाल्यासारखाच दिसत होता. तरी महिन्याभरात, २१ जुलै २०१४ रोजी, उच्च न्यायालयाने सीडी परत करण्याचा आदेश दिला. त्या रोखून धरण्यात गृहखातं कायद्याने चुकलं होतं. संविधानाच्या प्रश्नात मात्र न्यायालय शिरलं नाही. सरकार अपिलात गेलं. जून २०१५ मध्ये अपील न्यायालयाने सीडी परत करण्याचा आदेश कायम ठेवला आणि संविधानाचे प्रश्न उच्च न्यायालयानेच ऐकावेत म्हणून प्रकरण परत पाठवलं. त्याच वर्षी सीडी हातात आल्या. जप्तीला सात वर्षं झाली होती. ज्या टर्मिनलवर त्या काढून घेतल्या ते टर्मिनलसुद्धा २०१४ मध्ये बंद होऊन नव्या इमारतीत गेलं होतं.

इथे बहुतेक माणसं थांबली असती. वस्तू मिळाली, चर्चमध्ये सत्कार झाला, विषय संपला. २००८ मध्ये रविवारच्या शाळेची पुस्तकं परत मिळाली तेव्हाही काउंटरवरचा नियम बदलला नव्हता, आणि काही महिन्यांतच त्याच टर्मिनलवर दुसऱ्या माणसाच्या सीडी जप्त झाल्या. माल सोडून देणं हा सरकारसाठी सोपा मार्ग असतो. त्याने तक्रारदार गप्प बसतो आणि सूचना जिथल्या तिथे राहते. जिल आयर्लंड थांबल्या नाहीत, आणि या प्रकरणाचं सगळं मोल मला त्यात दिसतं. अर्जातली दुसरी मागणी वेगळी ठेवलेली असल्यामुळेच सीडी हातात आल्यानंतरही खटला जिवंत राहू शकला.

पुन्हा उच्च न्यायालयात आल्यावर प्रश्न सरळ विचारला गेला : ही मनाई नेमकी कुठून आली? उत्तर होतं गृहखात्याचं ५ डिसेंबर १९८६ चं परिपत्रक. बिगर-मुस्लिम प्रकाशनांनी वापरू नयेत असे चार शब्द त्यात होते : अल्लाह, बैतुल्लाह (अल्लाहचं घर), सोलत (नमाज) आणि काबा. कायदा संसदेने केलेला, बंदी राजपत्रात यायची. पण लोकांच्या बॅगांमधून वस्तू काढून घेतल्या जात होत्या त्या या खात्याच्या आतल्या कागदावर.

कागद वाचल्यावर आणखी एक गोष्ट पुढे आली. त्याच वर्षी मे महिन्यात मंत्रिमंडळाने या विषयावर धोरण ठरवलं होतं. ते असं की हे शब्द ख्रिस्ती प्रकाशनांत वापरता येतील, मात्र ते ख्रिस्ती लोकांसाठी आहे असं मुखपृष्ठावर छापलेलं असावं. म्हणजे मंत्रिमंडळाने अटीवर परवानगी दिली होती. सात महिन्यांनी निघालेल्या परिपत्रकात अट गेली आणि राहिली ती सरसकट मनाई. तिच्यावर पुढची तीसेक वर्षं कारभार चालला. त्या काळात कस्टम्सच्या किती अधिकाऱ्यांनी, मनात कोणताही द्वेष नसताना, केवळ वरून आलं म्हणून किती माणसांची पुस्तकं काढून घेतली असतील, या विचाराने मी अस्वस्थ होतो. त्यांच्या हातात मंत्रिमंडळाचा निर्णय कधी गेलाच नाही.

१० मार्च २०२१ रोजी न्यायमूर्ती नोर बी अरिफिन यांनी निकाल दिला. परिपत्रक बेकायदेशीर आणि संविधानविरोधी ठरलं. प्रकाशने कायदा गृहमंत्र्यांना अनुच्छेद ११ मधल्या धर्मस्वातंत्र्यावर बंधन घालण्याचा अधिकार देत नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. धर्माचं आचरण आणि शिक्षण यासाठी असं साहित्य आयात करण्याचा अर्जदाराचा हक्क मान्य झाला. अनुच्छेद ८ नुसार धर्मावरून भेदभाव होता कामा नये, हेही. साबा-सारावाकच्या मलय बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजांत हा शब्द सुमारे चारशे वर्षं वापरात आहे, त्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही, असं निकालात आहे. दोन राज्यांना सवलत आणि बाकीच्यांना मनाई हा प्रकारही त्यांना तर्काला धरून वाटला नाही. सवलत देता येते, याचाच अर्थ मनाई निरपवाद नव्हती.

हा मुद्दा मला निकालातला सर्वांत भक्कम वाटतो. सार्वजनिक शांततेला धोका असेल तर तो वस्तूत असला पाहिजे. कुचिंगमध्ये उतरलेली प्रत निर्धोक आणि सेपांगमध्ये उतरलेली तीच प्रत धोकादायक, असं म्हणायचं असेल तर त्यासाठी पुरावा लागतो. तसा पुरावा पुढे आला नाही.

असाच कागदाचा प्रश्न भारतातही उभा राहिला, म्हणून त्याचा उल्लेख करतो. सलमान रश्दींच्या ‘सॅटॅनिक व्हर्सेस’ची आयात १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये कस्टम्सच्या अधिसूचनेने बंद झाली, आणि ही बंदी तीन दशकांहून जास्त काळ सगळ्यांनी गृहीत धरली. एका वाचकाने दिल्ली उच्च न्यायालयात अधिसूचनेला आव्हान दिलं, तेव्हा कोणत्याही खात्याला ती अधिसूचना सापडेना. ती अस्तित्वातच नाही असं धरण्यावाचून पर्याय नाही, असं न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये म्हटलं. भारत मुस्लिमबहुल देश नाही, पुस्तक वेगळं, कारण वेगळं. पण आयातीच्या दारावर पुस्तक अडवण्याची पद्धत सारखीच : आदेश एकदा निघतो, मग तो कोणी वाचत नाही, फक्त पाळतात.

म्हणून परदेशात पुस्तक अडवलं गेलं, तर या प्रकरणातून घ्यायच्या गोष्टी काउंटरवर वाद घालण्याबद्दलच्या नाहीत. तिथला कर्मचारी काही ठरवत नसतो. त्याच्याशी भांडून विमान चुकतं. जप्तीची लेखी पावती मागावी, तिच्यावर वस्तूंची नावं आणि संख्या लिहून घ्यावी. नंतर खात्याकडे कारण आणि कायद्याचं कलम लेखी मागावं. जिल आयर्लंड यांच्याकडे तारीख, आठ हा आकडा आणि खात्याचं पत्र होतं; खटला उभा राहिला तो त्यावर. अर्थात त्या आपल्याच देशात होत्या, नागरिक होत्या आणि त्यांच्यामागे चर्च उभं होतं. कामासाठी व्हिसावर गेलेल्या माणसाला हे बळ नसतं. त्याने निघण्याआधी त्या देशाच्या कस्टम्सचे नियम वाचावेत आणि शंका असलेलं पुस्तक घरी ठेवावं, असंच मी सांगेन. हक्काची लढाई त्याच्या नोकरीच्या जिवावर लढायला त्याला कोणी सांगू नये.

निकालानंतर काही दिवसांतच सरकारने अपील दाखल केलं. ते दोन वर्षं पडून होतं. २०२३ मध्ये, अन्वर इब्राहिम यांचं सरकार असताना, अपील मागे घेतल्याचं उघड झालं आणि त्यावर विरोधकांनी मोठी टीका केली. १९८६ चं परिपत्रक रद्द ठरवणारा निकाल त्यामुळे टिकला. पण राज्यांचे कायदे या खटल्यात नव्हते. सेलांगोर राज्याचा १९८८ चा कायदा मुस्लिमांमध्ये इतर धर्मांच्या प्रचाराला आळा घालतो आणि त्याच्या परिशिष्टात बिगर-मुस्लिमांनी वापरू नयेत अशा शब्दांची यादी आहे. जानेवारी २०१४ मध्ये राज्याच्या इस्लामी धर्मखात्याने पेतालिंग जाया इथल्या बायबल सोसायटीच्या कार्यालयातून मलय आणि सारावाकमधल्या इबान या भाषांतल्या बायबलच्या तीनशेहून जास्त प्रती उचलल्या. त्या सुटल्या वर्ष संपता संपता, आणि गेल्या सारावाकच्या चर्चकडे. सेपांग, जिथे जिल आयर्लंड यांचं सामान उघडलं गेलं आणि जिथे आजही क्वालालंपूरला येणारी बहुतेक विमानं उतरतात, ते सेलांगोर राज्यातच आहे.